चित्रफितीची पोथी आणि तिची प्रत

इतिहासाचे 'साधन' हा शब्द उच्चारला की मराठीच्या अभ्यासकाला प्रथम वि. का. राजवाडे आठवतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. गावोगावच्या वाड्यांतील रुमाल सोडावेत, मोडी कागद वाचावेत, त्यांच्या नकला करून त्या छापाव्यात, ही इतिहाससंशोधनाची रीत त्या पिढीने आपल्याला घालून दिली. तिचा एक परिणाम असा झाला की साधन म्हणजे लिहिलेला कागद, फार तर ताम्रपट किंवा शिलालेख, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. विसाव्या शतकाने मात्र आणखी एका प्रकारचे साधन घराघरांत, निदान काही घरांत, निर्माण करून ठेवले. हौसेखातर कुटुंबातील कोणी तरी काढलेली आठ वा सोळा मिलिमीटरची चित्रफीत हे ते साधन होय. साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासकांचे त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

या चित्रफिती आता संपत चालल्या आहेत. ज्या उरल्या त्यांची डिजिटल रूपांतरे होत आहेत. शहरांतील छायाचित्रकारांच्या दुकानांतून हे काम करून मिळते आणि ते केवळ यंत्राचे काम आहे, असे देणारा व घेणारा दोघेही समजतात. आमचे म्हणणे असे की हे काम नकलनविसाचे आहे. पोथीच्या प्रतीबद्दल आपण वर्गात जे प्रश्न विचारतो ते सर्व येथेही विचारले पाहिजेत. प्रत कोणी केली? कशावरून केली? काय गाळले आणि काय घातले? मूळ पोथी आज कोठे आहे?

घरगुती चित्रफीत जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये जे लघुपट दाखविले त्यांतील एकात ऑग्युस्त लुमिएर आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत. त्या काळच्या प्रेक्षकांना मुलीपेक्षा तिच्यामागे वाऱ्याने हलणाऱ्या झाडांच्या पानांचे अधिक नवल वाटले, असे सांगतात. आम्हांस ही हकीकत अर्थपूर्ण वाटते. कॅमेरा लावला होता तो मुलीसाठी. पाने न बोलावता आली. घरगुती चित्रफितीचे इतिहासमूल्य पुष्कळदा अशा न बोलावता आलेल्या गोष्टींत असते. वाढदिवसाच्या मुलामागची भिंत, भिंतीवरचे कॅलेंडर, दाराशी उभी राहून पदराने तोंड पुसणारी बाई, रस्त्यावरून जाणारा टांगा. चित्रण करणाऱ्याला यांपैकी काहीही टिपायचे नव्हते.

आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे. त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. स्वागताचे वर्णन शब्दांत वाचता येईल; परंतु ती माणसे चालत कशी होती, हस्तांदोलन करीत होती की नमस्कार, गर्दीत कोण पुढे सरसावत होते आणि कोण मागे राहत होते, हे शब्दांतून पुरते कळत नाही.

सावेदादांचा कॅमेरा व्यवसायाचा होता. सामान्य कुटुंबाच्या हाती कॅमेरा आला तो फितीची रुंदी कमी झाल्यावर. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फीत आणली, तर अमेरिकेच्या कोडॅकने १९२३ साली सोळा मिलिमीटरची. चित्रपटगृहांत चालणारी पस्तीस मिलिमीटरची फीत तेव्हा सेल्युलोज नायट्रेटची असे आणि ती भडकन पेट घेई. घरात अशी वस्तू ठेवणे धोक्याचे, म्हणून घरगुती फितींसाठी ॲसिटेटचा सुरक्षित पाया वापरण्यात आला. पुढे मंदीच्या काळात, १९३२ साली, कोडॅकने आठ मिलिमीटरची युक्ती काढली: सोळाचीच फीत एकदा अर्ध्या बाजूने आणि उलटवून पुन्हा दुसऱ्या बाजूने वापरायची, धुतल्यावर मधोमध चिरायची आणि दोन तुकडे एकापुढे एक जोडायचे. १९६५ साली सुपर एट आली. तिच्या पन्नास फुटांच्या रिळात ३,६०० चित्रे मावतात आणि सेकंदाला १८ या गतीने ती तीन मिनिटे वीस सेकंदांत संपतात.

या तीन मिनिटे वीस सेकंदांचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. आज मोबाइलवर तासन्‌तास चित्रण होते, त्यामुळे तेव्हाची काटकसर लक्षात येत नाही. फीत महाग, ती धुण्यासाठी पाठवावी लागे, परत यायला आठवडे लागत. त्यामुळे एका कुटुंबाचा दहा वर्षांचा काळ अर्ध्या तासात आटोपलेला आढळतो. काय टिपावे याची निवड कठोर होती आणि ती एकाच प्रकारची होती: मुंज, लग्न, सहल, नवी मोटार, समुद्रकिनारा. आजारपण, कर्ज, भाऊबंदकी, अंत्ययात्रा फितीवर क्वचितच येतात. आत्मचरित्र वाचताना लेखक काय लपवतो आहे याचा जसा आपण शोध घेतो, तसाच तो येथेही घ्यावा लागतो. शिवाय चित्रण करणारा स्वतः चित्रात नसतो. बहुतेक घरांत तो कर्ता पुरुष असे आणि म्हणून पुष्कळ घरगुती फितींत वडीलच दिसत नाहीत. निवेदक आहे पण पात्र नाही, असे हे कथन आहे. आणखी एक मर्यादा उघड आहे. कॅमेरा परवडे तो संस्थानिकांना, गोऱ्या अधिकाऱ्यांना, व्यापाऱ्यांना, काही डॉक्टर-वकिलांना, परदेशी जाऊन आलेल्यांना. म्हणजे हे साधन मुळातच वरच्या वर्गाचे आहे. पण त्याच्या पार्श्वभूमीवर इतर सारे वर्ग वावरताना दिसतात.

ज्या ॲसिटेटने घर आगीपासून वाचविले त्याच ॲसिटेटने फितीचा घात केला. उष्णता आणि दमट हवा मिळाली की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, डब्याला आंबूस वास येतो, फीत आक्रसते, वाकते, ठिसूळ होते, आणि सुटलेले आम्ल पुढच्या नाशाला आणखी वेग देते. याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात. पहिल्या तक्रारींपैकी एक कोडॅककडे गेली ती भारत सरकारची, कारण येथील गोदामांच्या हवेत हा रोग लवकर दिसू लागला. गच्च बसणाऱ्या झाकणाचा पत्र्याचा डबा, जो आपण सुरक्षित समजून माळ्यावर ठेवतो, तो हे आम्ल आत कोंडून धरतो. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील 'इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट'ने यासाठी एक साधी कागदी पट्टी तयार केली आहे. डब्यात ठेवल्यावर ती निळीची हिरवी आणि हिरवीची पिवळी होत जाते. जितकी पिवळी तितका रोग पुढे गेलेला.

रोग किती पुढे जाऊ शकतो आणि तरीही काय वाचू शकते, याचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत विलक्षण उदाहरण पोलंडमधील नाशेल्स्क या गावाचे आहे. डेव्हिड कुर्ट्झ हा लहानपणी तेथून अमेरिकेत गेलेला ज्यू गृहस्थ. १९३८ च्या उन्हाळ्यात पत्नी व मित्रांसह तो युरोपच्या सहलीवर गेला आणि वाटेत आपल्या जन्मगावी थांबला. सोबत सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. त्या गावाचे चित्रण जेमतेम तीन मिनिटांचे, काही रंगीत आणि काही कृष्णधवल. पाहुणा आल्याचे कळताच पोरे गोळा झाली, कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी एकमेकांना ढकलू लागली. प्रार्थनागृहाच्या दारातून माणसे बाहेर पडत आहेत. एक बाई दुकानाच्या पायऱ्यांवर आहे. कोणी हसतो, कोणी तोंड फिरवतो. इतर कोणत्याही गावात घडले असते तेच येथे घडले.

गावात तेव्हा सुमारे तीन हजार ज्यू होते. ३ डिसेंबर १९३९ रोजी नाझींनी त्यांना हुसकून आगगाड्यांत कोंबले. युद्धानंतर त्यांतले शंभरही उरले नाहीत.

डेव्हिडचा नातू ग्लेन कुर्ट्झ याला २००९ साली फ्लोरिडातील आई-वडिलांच्या घरी कपाटात हे रीळ सापडले. ते आक्रसून, चिकटून जवळजवळ एक घट्ट चकती झाले होते. प्रोजेक्टरवर चढविणे अशक्य होते. वॉशिंग्टनच्या 'युनायटेड स्टेट्स होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियम'ने ते स्वीकारले, प्रयोगशाळेत ते सोडविले गेले, त्याची डिजिटल प्रत झाली आणि ती संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येऊ लागली. २०११ साली अमेरिकेतील एका स्त्रीने ती पाहिली आणि गर्दीतल्या एका हसऱ्या मुलात तिला आपले आजोबा दिसले. आजोबा हयात होते. मॉरिस चँडलर हे त्यांचे नाव. जन्मनाव मोशेक तुखेंडलर. चित्रणाच्या वेळी वय तेरा. खोट्या पोलिश नावाने वावरून ते युद्धातून वाचले होते. त्यांच्या कुटुंबाचे दुसरे कोणी उरले नव्हते आणि बालपणाचे एकही छायाचित्र त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी चित्रातील इतर काही मुलांची नावे सांगितली.

ग्लेन कुर्ट्झ यांनी या शोधाची हकीकत 'थ्री मिनिट्स इन पोलंड' या २०१४ च्या पुस्तकात लिहिली. पुढे डच लेखिका बियांका स्टिख्टर हिने २०२१ साली 'थ्री मिनिट्स: अ लेंग्दनिंग' हा सुमारे सत्तर मिनिटांचा अनुबोधपट केला. त्यात जवळजवळ सर्व वेळ तीच तीन मिनिटे थांबवून, मागे नेऊन, मोठी करून पाहिली आहेत. दुकानावरची अस्पष्ट पाटी अक्षर-अक्षर लावण्याचा जो प्रयत्न त्यात आहे तो पाहताना शिलालेखाच्या झिजलेल्या ओळी लावणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांची आठवण होते. सुमारे दीडशे चेहरे त्या फितीत आहेत. त्यांपैकी मोजक्याच चेहऱ्यांना नावे मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते रीळ कपाटात होते तोवर ते एका कुटुंबाचे स्मरण होते, तेही विसरलेले. नातीला आजोबा दिसावेत यासाठी ते अनोळखी माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणे अवश्य होते, आणि ते काम केवळ डिजिटल प्रतीमुळे झाले. तेव्हा डिजिटल रूपांतराविरुद्ध आमची तक्रार नाही, हे स्पष्ट असावे. नाशेल्स्कच्या प्रतीचे यश मात्र ती कशी केली गेली यावरही अवलंबून होते: एकेक चित्र वेगळे उतरविले, मूळ गती शोधली, काहीही कापले नाही आणि मूळ रीळ सांभाळून ठेवले.

आपल्याकडे सर्रास काय घडते याचा एक नमुना सांगतो. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या सासऱ्यांना सुपर एटचा शौक होता. त्यांची सात रिळे घरात होती. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या डबीवर त्यांनी शाईने प्रसंग, गाव आणि महिना लिहिलेला होता. काही रिळांच्या आरंभीच्या कोऱ्या पट्टीवरही बारीक अक्षरांत तोच मजकूर होता. एका दुकानात ही रिळे देण्यात आली. दुकानदाराने ती भिंतीवर दाखवून समोर व्हिडिओ कॅमेरा लावला. परत आली ती एक तबकडी. चित्राच्या चारही कडा कापलेल्या, मधोमध प्रकाशाचा डाग, सर्वभर लुकलुक, माणसे टुणटुण चालणारी, आणि संपूर्ण चित्रणावर एक लोकप्रिय चित्रपटगीत चढविलेले. सातही रिळे सलग जोडलेली होती. डब्या 'कचरा म्हणून' टाकून दिल्या होत्या आणि कोऱ्या पट्ट्या कापून. फाइलचे नाव होते 'वेडिंग फायनल १'. त्यात दोन मुंजी आहेत. थोरल्याची कोणती आणि धाकट्याची कोणती, यावर त्या घरात आजही एकमत नाही.

पोथीच्या भाषेत सांगायचे तर येथे पुष्पिका गेली. हस्तलिखिताच्या शेवटी नकलनवीस आपले नाव, गाव, शक, मास, तिथी लिहितो आणि 'जसे पाहिले तसे लिहिले' अशा अर्थाची ग्वाही देतो. पुष्पिका हा ग्रंथाचा भाग नव्हे, पण तिच्याशिवाय ग्रंथाचा काळ ठरविताना अभ्यासकाची दमछाक होते. चित्रफितीची डबी, तिच्यावरचे टपालाचे शिक्के, कोऱ्या पट्टीवरचे अक्षर, फितीच्या कडेला कारखान्याने उमटविलेल्या वर्षाच्या खुणा, दोन तुकडे जोडल्याचा चिकटपट्टीचा सांधा, हे सारे पुष्पिकेच्या जातीचे आहे. कोडॅक आपल्या फितीच्या कडेला त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशी चिन्हे छापीत असे आणि त्यांवरून फीत कोणत्या वर्षी तयार झाली याचा अंदाज बांधता येतो. चित्र तेवढे घेऊन कडा कापल्या की हा पुरावा नाहीसा होतो. समासातील टीप गाळून पोथी छापावी, तसेच हे.

कडेचे महत्त्व किती याला जगप्रसिद्ध दाखला आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तेव्हा अब्राहम झाप्रुडर हा कपड्यांचा व्यावसायिक आपल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने मिरवणुकीचे चित्रण करीत होता. ही फीत २६ सेकंदांची आहे आणि तिच्यात ४८६ चित्रे आहेत. फीत प्रोजेक्टरवर चालविताना दातेरी भोकांच्या मधला भाग झाकला जातो. पण कॅमेऱ्याच्या भिंगातून पडलेला प्रकाश त्या भागावरही चित्र उमटवून गेला होता. पडद्यावर कधीही न दिसलेला हा डावीकडचा भाग १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डिजिटल आवृत्तीमुळे सामान्य प्रेक्षकाला पाहता आला. या फितीची गती सेकंदाला सरासरी १८.३ चित्रे, हेही मोजून काढावे लागले, कारण दोन गोळ्यांमधले अंतर त्यावरून ठरायचे होते. 'लाइफ' साप्ताहिकाकडे असताना तिच्यातील काही चित्रे खराब होऊन कापली गेली. तो सांधा आजही तज्ज्ञांच्या वादाचा विषय आहे. घरगुती फितीतील एकेका चित्राला एवढी किंमत सहसा येत नाही, हे खरे. पण कोणत्या फितीला ती येईल हे चित्रण करताना झाप्रुडरला तरी कोठे ठाऊक होते?

गतीचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. आम्हांस तो छंदाच्या प्रश्नासारखा वाटतो. जुने कॅमेरे सेकंदाला १६ वा १८ चित्रे घेत. किल्लीच्या कॅमेऱ्यात स्प्रिंग सैल होता होता गती थोडी बदलेही. सोळाच्या गतीने घेतलेली फीत चोवीसच्या गतीने दाखविली तर माणसे दीडपट वेगाने चालतात. मूकपटांच्या काळातील माणसे धांदरट आणि विनोदी होती असा एक समज जो पसरला आहे त्याचे मूळ बऱ्याच अंशी यात आहे. आजीची चाल ओळखीची वाटत नाही, कारण ती आजीची चालच नसते. ओवी चुकीच्या यतीवर तोडून म्हटली तर शब्द तेच राहतात, पण ओवी राहत नाही.

याहून गंभीर प्रश्न अलीकडे उभा राहिला आहे. लुमिएर बंधूंची रेल्वे स्थानकात शिरणाऱ्या गाडीची प्रसिद्ध फीत २०२० साली एका तंत्रज्ञाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अतिशय स्वच्छ आणि सेकंदाला ६० चित्रे अशी करून प्रसृत केली आणि लोकांनी तिचे कौतुक केले. अशी सोय आता घरगुती फितींसाठीही सहज मिळते. हिशेब साधा आहे. सेकंदाला १६ चित्रांची ६० केली तर ६० पैकी किमान ४४ चित्रे कॅमेऱ्याने कधी पाहिलेलीच नसतात. ती यंत्राने दोन चित्रांच्या मधे कल्पून घातलेली असतात. पुसट चेहरा 'स्पष्ट' करताना यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांवरून नाक-डोळे रचते. संहितेत नसलेल्या ओळी मागाहून घालण्याला आपण 'प्रक्षेप' म्हणतो. हा प्रक्षेपच आहे, आणि तो इतका बेमालूम आहे की भाषेवरून वा छंदावरून तो ओळखण्याची सोय पाठचिकित्सकाला उरत नाही. नाशेल्स्कच्या फितीवर हा प्रयोग कोणी प्रथमच केला असता तर नातीने ज्या चेहऱ्यात आजोबा ओळखले तो चेहरा कोणाचा झाला असता, याची कल्पना करवत नाही.

अर्थात प्रक्षेप निषिद्ध मानला तरी त्याला हाताळण्याची सभ्य रीत आपल्याच परंपरेत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ साली सुरू झाले, वि. सी. सुखठणकरांनी १९२५ पासून त्याला शास्त्रीय वळण दिले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. जे श्लोक मागाहून आले असे संपादकांना वाटले ते त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवले, कोणत्या पोथीत आहेत आणि कोणत्या नाहीत हे नोंदवून. रंगविलेली, गाणे लावलेली, साठ चित्रांची प्रत लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यांना खुशाल दाखवावी. पण तिच्या शेजारी काहीही न केलेली प्रत असावी आणि कोणती कोणती हे फाइलीच्या नावातच लिहिलेले असावे. पूर्वी पोथीतील चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत. त्या हरताळाचा पिवळा डाग निदान दिसत तरी असे.

राहिला मूळ प्रतीचा प्रश्न. 'आता डिजिटल झाले, रिळे कशाला हवीत?' हे वाक्य आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे. मराठीच्या अभ्यासकांनी या वाक्याची किंमत एकदा मोजलेली आहे. राजवाड्यांना बीडजवळील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणाच्या आधीचा पाठ तीत आहे, असा त्यांचा दावा होता. १९०९ साली त्यांनी ती छापली. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. परिणामी तिच्या भाषेविषयी, काळाविषयी, राजवाड्यांनी अक्षरे बरोबर लावली की नाही याविषयी जे वाद झाले ते कायमचे अनिर्णित राहिले. राजवाड्यांची विद्वत्ता किती थोर होती याचा येथे उपयोग नाही. पोथी समोर नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे. मूळ रीळ टाकून दिलेल्या कुटुंबाची स्थिती तीच होते. १९९० च्या दशकात कित्येकांनी फितीवरून व्हीएचएस कॅसेट करून घेतली आणि फीत टाकली. व्हीएचएसवर साधारण २४० रेषांचा तपशील मावतो. फितीवर त्याहून कितीतरी अधिक होता आणि आजच्या यंत्राने तो निघालाही असता. आता हाती उरली ती बुरशी आलेली कॅसेट, आणि ती चालविणारे यंत्र कोणाकडे आहे याचा शोध.

डिजिटल प्रत अमर असते ही समजूतही तपासून पाहावी. एका सुपर एट रिळातील ३,६०० चित्रे उत्तम प्रतीने, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा मेगाबाइटची अशी उतरविली तर सुमारे ४६ जीबीचा ऐवज होतो. बहुतेक दुकाने त्याची काहीशे एमबीची फाइल करून देतात. म्हणजे ती संक्षिप्त आवृत्ती असते. मोठा ऐवज सांभाळायचा तर त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात आणि दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवाव्या लागतात. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २००७ साली 'द डिजिटल डिलेमा' या अहवालात पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा हिशेब मांडला होता. मूळ प्रत फितीच्या रूपात सांभाळण्याचा वार्षिक खर्च १,०५९ डॉलर, तर डिजिटल रूपात १२,५१४ डॉलर. घरगुती फितीचा खर्च अर्थातच इतका नाही, आणि साठवणूक तेव्हापासून स्वस्तही झाली; पण फाइलीकडे कोणी पाहिलेच नाही तर ती माळ्यावरच्या डब्यापेक्षाही निमूटपणे नाहीशी होते. तिला आंबूस वासही येत नाही.

आपल्या महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी या कामात हात घालायला हरकत नाही. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. हौशी चित्रफितींच्या जतनासाठी अमेरिकेतील काही अभिलेखपालांनी २००३ साली 'होम मूव्ही डे' सुरू केला. लोक आपापली रिळे घेऊन येतात, जाणकार ती तपासतात, चालण्याजोगी असतील तर सर्वांसमक्ष दाखवितात. यातली जी गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते ती म्हणजे रीळ चालू असताना मालक बोलत असतो: ही माझी मावशी, हे आमचे जुने घर, हा कुत्रा. मूक फितीला निरूपण मिळते. विद्यार्थ्यांनी घरातील वृद्धांना पडद्यासमोर बसवून हे निरूपण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. कितव्या मिनिटाला कोण आले हे वहीत लिहून घ्यावे. गावाचे नाव, नात्याचे नाव, दागिन्याचे नाव, त्या दिवशीच्या पक्वान्नाचे नाव. प्रादेशिक बोलीचा अभ्यास करणाऱ्याला यात आयती सामग्री आहे. आणि हे काम फितीच्या रोगापेक्षाही घाईचे आहे, कारण फीत शीतगृहात ठेवून आणखी काही दशके टिकविता येते.

नावे वेळेवर विचारली नाहीत तर काय होते हे पाहायचे असेल तर केंब्रिज विद्यापीठाच्या 'सेंटर ऑफ साउथ एशियन स्टडीज'ने जतन केलेल्या हौशी चित्रफिती पाहाव्यात, किंवा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली 'इंडिया ऑन फिल्म' या नावाने खुल्या केलेल्या संग्रहातील घरगुती फिती. त्यांतील अनेक, हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या इंग्रज कुटुंबांनी काढलेल्या आहेत. बंगल्याची हिरवळ, तट्टू, नाताळचा मेळावा, थंड हवेच्या ठिकाणचा मुक्काम. डिजिटल प्रती स्वच्छ आहेत आणि संग्राहकांनी नोंदी शक्य तितक्या काळजीने केल्या आहेत. साहेब कोण, कोणत्या खात्यात, मडमेचे माहेरचे नाव काय, बाळाचा जन्म केव्हाचा, हे कुटुंबीयांना विचारून लिहिता आले. आया बाळाला कडेवर घेऊन कॅमेऱ्याकडे येते, त्याचा हात धरून हलवते, मग चौकटीबाहेरून कोणी तरी खूण करते आणि ती बाजूला होते, असे चित्र अशा फितींत पुन्हा पुन्हा येते. नोंदीत तिच्यासाठी बहुधा एकच शब्द असतो: आया. ती मराठी होती, तमिळ होती की आणखी कोणी, हे लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून कधी कधी ओळखता येते. तिची नातवंडे आज कोठे तरी असतीलच. ती फीत त्यांनी अजून पाहिलेली नाही.